वादनापुढची खोडलेली खूण

व्हायोलिन दुरुस्त करणारा तसा भला माणूस, पण डोक्यात संशयाचा किडा वळवळला की संपलंच! आज तर पुरावाच हाती लागला होता. लेकीच्या कॉलेजच्या अर्जावर ‘वादन पदवी’पुढची खूण खोडून ‘संगीत शिक्षण पदवी’पुढे नवी केली होती. अर्ज द्यायचा आज शेवटचा दिवस, आणि पालकाची सही तेवढी बाकी.

“हे तुझ्या व्हायोलिनच्या बाईंचं काम,” तो कडाडला. “त्यांची भाचीही वादनालाच अर्ज करतेय ना? तुझा काटा काढला की तिचा रस्ता मोकळा!”

“काहीतरीच काय, बाबा? मला शिकवायला आवडतं.”

“कधीपासून? शेजारच्या पोराला साधं गणित सांगताना तुझं डोकं फिरतं!”

लेक नजर चुकवून चहा ठेवायला आत गेली. म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. बारा वर्षं पोरगी वाजवतेय, ती स्टेजवर उभी राहिली की याची छाती फुगते, आणि आता म्हणे मास्तरीण होणार! त्यानं बाईंना फोन लावला. “तिलाच विचारा,” म्हणाल्या आणि फोन ठेवूनच दिला. बघा, बोलायचीसुद्धा सोय नाही!

हात रिकामे राहिले की त्याला नको नको ते सुचायचं, म्हणून त्यानं लेकीच्या व्हायोलिनच्या सहा महिन्यांपूर्वी चढवलेल्या तारा बदलायला घेतल्या. बोटं रोज जिथं दाबतात तिथं तार झिजते. उजेडात धरली की वाजवणाऱ्याचा हात त्याला कळायचा. तर्जनी, मधलं बोट, अनामिका, तिन्ही जागा झिजलेल्या. करंगळीची जागा मात्र कोरी करकरीत. दुसऱ्या तारेचीही तीच गत.

लेक चहा घेऊन आली.

“करंगळीला काय झालंय गं?”

तिनं कप खाली ठेवला. “आठ महिने झाले, बधिर आहे. तुम्हाला सांगू नका म्हणून बाईंना मीच शपथ घातली होती. डॉक्टर म्हणाले, मुंग्या यायला लागल्या तेव्हाच वाजवणं थांबवायला हवं होतं.”

“मग थांबली का नाहीस, वेडे?”

“कशी थांबणार, बाबा? दोन दिवस नाही वाजवलं की तुमची उलटतपासणी सुरू. कुठे जातेस, कोणाबरोबर असतेस, काय लपवतेस. त्यापेक्षा वाजवणं सोपं होतं.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं अर्ज पुढे ओढला आणि सही केली.