घरचं गिऱ्हाईक

सोफाकाकांच्या घरात सोफा नव्हता. नवीन माणूस हे ऐकून आधी हसायचा आणि मग काकूंचा चेहरा बघून गप्प व्हायचा. अर्ध्या शहराच्या बैठका काकांच्या हाताखालून गेलेल्या. डॉक्टरांच्या दवाखान्यातली बाकं म्हणू नका, वकीलबाईंच्या आरामखुर्च्या म्हणू नका, थिएटरातल्या फाटक्या सीटा म्हणू नका! आणि स्वतःच्या घरी काय, तर दोन घडीच्या खुर्च्या आणि एक पाय विटेवर टेकलेला दिवाण. "पुढच्या महिन्यात नक्की," असं काका लग्न झाल्यापासून सांगत आले होते, आणि तो पुढचा महिना काही उजाडत नव्हता.

शेवटी एकदाचा उजाडला. तळमजल्यावरच्या दुकानातून सोफा वर निघाला, जिन्याच्या वळणावर अडकला, शेजारपाजारच्यांनी हात कमी आणि सूचना जास्त दिल्या, आणि अखेर तो काकूंच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली विसावला. तपकिरी, जाड विणीचा, हातांना गोल वळण दिलेला. काकू सुरुवातीला त्याच्या अगदी कडेला बसायच्या, पाहुण्या आल्यासारख्या. कोणी आलं की "बसा ना, बसा," म्हणायच्या, आणि माणूस बसला की त्याच्या पॅन्टकडे संशयाने बघायच्या.

हे सुख काही फार टिकलं नाही. एका दुपारी काकू गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या, दार नुसतं लोटलेलं राहिलं, आणि समोरच्या सिस्टरची मांजर चिंगी आत शिरली.

काकूंची किंकाळी थेट दुकानात ऐकू आली. काका खुर्ची ठोकत होते, तोंडात बारीक खिळे धरून. या धंद्यातली माणसं खिळे ओठांत धरतात, हात मोकळे राहावेत म्हणून. तसेच ते जिना चढून धापा टाकत वर आले. बघतात तर सोफ्याचा उजवा हात पार फाटलेला. कापडाच्या चिंध्या लोंबतायत, आतला पिवळा फोम जमिनीभर झालाय, आणि मधोमध चिंगी. पळून जावं, पलंगाखाली लपावं, काही नाही! काकांना बघितल्याबरोबर ती शेपटी ताठ करून आली, त्यांच्यासमोर बसली आणि मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बघा, बघा कशी निर्लज्ज आहे! अहो, बोला ना काहीतरी!" काकू ओरडल्या.

काकांच्या तोंडात खिळे होते म्हणून बरं. नाहीतर काय बोलणार होते बिचारे? चिंगी कशासाठी बसली आहे, ते त्या खोलीत एकट्या त्यांनाच कळत होतं. ती बक्षिसाची वाट बघत होती.

आता हे प्रकरण मुळापासून सांगायला हवं. काका म्हणजे मांजरांचे जाहीर शत्रू. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला बजावायचे, "सोफा हवा असेल तर मांजर पाळू नका, मांजर हवं असेल तर चटईवर बसा." सिस्टरने चिंगी आणली तेव्हा सगळ्यांत आधी नाक मुरडलं ते यांनीच. पण सिस्टरच्या हॉस्पिटलातल्या पाळ्या लांबत गेल्या आणि घरात एकटी पडलेली चिंगी खिडकीतून उतरून दुकानाच्या मागच्या दारात येऊन बसू लागली. काकांनी तिला पहिल्यांदा हाकललं. मग हाकलल्यासारखं केलं. मग मागचं दार उघडंच राहायला लागलं. दुपारभर ती शिलाई मशीनपाशी त्यांच्या पायावर झोपायची. काका तिला "बाईसाहेब" म्हणायचे आणि तिच्यापाशी गिऱ्हाइकांच्या चहाड्या करायचे. काकूंना यातलं अवाक्षरही माहीत नव्हतं. जन्मभर मांजरांना शिव्या घातल्यावर आता कोणत्या तोंडाने सांगणार?

एकदा काय झालं, बाईसाहेबांनी एका गिऱ्हाइकाच्या खुर्चीला नख लावलं. काकांनी एक फळी घेतली, तिला जाड कापड गुंडाळलं, भिंतीशी उभी केली आणि चिंगीची शिकवणी सुरू केली. दुसऱ्या कशाला नख लावलं की "हट्!", आणि फळी ओरबाडली की खिशातून सुक्या माशाचा तुकडा. विद्यार्थिनी मोठी हुशार. बघता बघता तिच्या डोक्यात पक्कं बसलं की हे कापड आपलं आणि बाकीची लोकांची. आणि हे कापड कुठलं? एका कचेरीच्या मोठ्या कामातून उरलेल्या ताग्यातलं. घरचा सोफा काकांनी त्याच ताग्यातून शिवला! तेव्हा अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. चिंगीने बिचारीने शिकवलं तेच केलं, आणि मास्तरांपुढे शाबासकी मागत बसली.

संध्याकाळी सिस्टर कामावरून आली. सोफा बघून तिच्या हातातली पिशवीच गळाली.

"काकू, मी भरून देते. सगळं. काका, किती ते तुम्हीच सांगा. तुमच्याइतकं यातलं कोणाला कळतं?"

दोघी काकांकडे बघायला लागल्या.

"छे, त्यात काय एवढं," काका म्हणाले. "चार टाके घातले की झालं."

"चार टाके?" काकू कडाडल्या. "परवा त्या वकीलबाईंच्या खुर्चीला एवढंसं भोक होतं, तर अख्खी पाठ बदलावी लागेल म्हणालात!"

"ते कापड वेगळं होतं."

"पण काका, फोम तर बदलावा लागेल ना?" सिस्टर म्हणाली.

"नको, नको. तोच परत आत कोंबता येतो."

"कोंबता येतो! आणि गिऱ्हाइकांना काय सांगता? कोंबलेल्या फोमवर बसण्यापेक्षा दगडावर बसा!"

"बरं बाई, फोमचे घेऊ. मजुरी नको."

"मजुरी का नको?" हे सिस्टरच म्हणाली. "काका, मला असं उपकाराखाली ठेवू नका हं."

असला सौदा कोणी पाहिला नसेल. घेणारा किंमत खाली ओढतोय, देणारी वर चढवतेय, आणि घेणाऱ्याची बायको देणारीच्या बाजूने! शेवटी दोघींनीच मिळून आकडा ठरवला, आणि तो ऐकून काकांना घाम फुटला, कारण तो अगदी बरोबर होता. काकू इतकी वर्षं नुसतं ऐकून ऐकून धंदा शिकल्या होत्या.

"पगार झाला की देते," सिस्टर म्हणाली. मग तिने चिंगीला छातीशी धरलं. "आणि पुन्हा असं होणार नाही, काकू. उद्या भावाला बोलावते, तो हिला घेऊन जाईल. त्याच्या घरी माणसं असतात. मी दिवस दिवस बाहेर. आज तुमचा सोफा, उद्या आणखी कोणाचं काही. मला नाही निभावणार हे." शेवटी शेवटी तिचा आवाज कापायला लागला.

काकूंचा राग तिथेच अर्धा उतरला. "तेच बरं गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मुक्या जिवाचेही हाल नकोत."

काका खाली दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातून एकही शिवण सरळ पडली नाही. मागचं दार उघडं होतं आणि दारात कोणी नव्हतं, कारण सिस्टरने चिंगीला घरात कोंडलं होतं. काका स्वतःची समजूत घालत होते की मांजर ते मांजर, जाईल तिथे सुखात राहील, आणि आपली अब्रूही वाचेल. पण अब्रू घेऊन दुपारी करायचं काय? कोणाशी बोलायचं? हात दोनदा खिशातल्या माशाच्या तुकड्याकडे गेला तेव्हा त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. एवढा जीव लागला होता तर! आणि वर ती पोर यांच्या मूर्खपणाचे पैसे आपल्या पगारातून भरणार होती. काकांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

उन्हं कलली तसा जिन्यात सिस्टरच्या भावाचा आवाज आला. काकांनी भिंतीशी उभी असलेली फळी उचलली, काखेत मारली आणि ते वर निघाले.

सिस्टरच्या दारात सगळे जमले होते. भाऊ टोपलीचं झाकण धरून उभा होता, सिस्टर डोळे पुसत होती, आणि काकू, हो, आपल्या काकूच, वाटीत दूध घेऊन आल्या होत्या. काकांनी फळी मधोमध उभी केली.

"तिला जरा खाली सोड," ते म्हणाले.

सिस्टरने सोडलं. चिंगीने फळी बघितली, अंग ताणलं, चर्र चर्र नखं चालवली, आणि तडक काकांसमोर येऊन मान वर करून बसली. काकांचा हात सवयीने खिशात गेला आणि माशाचा तुकडा घेऊन बाहेर आला. बाईसाहेबांनी तो सगळ्यांदेखत मिटक्या मारत खाल्ला.

"तिचा काही दोष नाही," काका म्हणाले. "मी शिकवलं. रोज दुकानात माझ्यापाशी असते ती. हे कापड ओरबाड म्हणून मीच शिकवलं आणि तेच सोफ्याला लावलं. सिस्टर, मला तुझा एक पैसा नको. फक्त तिला पाठवू नकोस गं. ती नसली की दुकान खायला उठतं मला."

सिस्टर रडता रडता हसायला लागली. "मग मी एवढ्या लांबून टोपली घेऊन आलो ती कशाला?" असं भाऊ म्हणाला, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. सगळे काकूंकडे बघत होते.

काकूंनी फळी उचलली. कापड बोटांनी चाचपलं.

"म्हणजे मांजराला आणि मला एकाच ताग्यातलं?"

काकांनी फळी परत घ्यायला हात पुढे केला.

"आणि त्यातही आधी तिला!"

"अगं, कापड चांगलं आहे. टिकाऊ..."

"टिकाऊ! ते दिसलंच काल." काकूंचा आवाज चढला नाही, उलट बसला. "उशा डॉक्टरांच्या बाकांतून उरलेल्या. पडदे थिएटरातले. दिवाणाची खोळ कोणाच्या तरी गाडीतली. या घरात मी निवडलेलं असं वीतभर कापड नाही. मांजराचा मला राग नाही हो. ती निदान समोर बसून मागून तरी घेते."

आपण संसाराचे पैसे वाचवतोय, असं काकांना इतकी वर्षं वाटत होतं. या बाईला काही वाटत असेल, हे कधी मनालाही शिवलं नव्हतं.

"मग काकू, भरपाईचं?" सिस्टरने भीत भीत विचारलं.

"भरपाई घेणारच मी. सोडते की काय! पण तुझ्याकडून कशाला? शिकवणी ज्यांची, भरपाई त्यांची." मग भावाकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही आत या, चहा घ्या. टोपली रिकामीच न्यायचीय." आणि काकांना म्हणाल्या, "द्या तिला आणखी एक तुकडा. कधीची बसलीय बिचारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मशीनला तेल घालत होते आणि बाईसाहेब पुढच्या दाराने राजरोस येऊन टेबलावर पसरल्या होत्या. तेवढ्यात काकू आल्या. अंगावर ठेवणीतले कपडे, खांद्याला पर्स. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "सोफ्याला कापड लावून मिळेल का इथे?"

काका हसले. काकू हसल्या नाहीत. तेव्हा काकांनी तेलाची बाटली खाली ठेवली, हात पुसले आणि गिऱ्हाइकांची खुर्ची झटकून पुढे केली.

"बसा ना, बाई. चहा सांगू?"

"आधी कापडं दाखवा."

काकांनी नमुन्यांची पुस्तकं काढली. सगळी काढली, वरच्या कप्प्यातली महागाचीसुद्धा. काकूंनी पहिलं पान उघडलं आणि काकांची जीभ सवयीने सुटली. "हे घ्या, मळखाऊ आहे."

"मी मळखाऊ मागितलं का?"

"नाही," काका म्हणाले. मग ते स्टूल ओढून समोर बसले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे तेच त्यांनी विचारलं, "तुम्हाला रंग कोणता आवडतो?"

काकूंचा पान उलटणारा हात थांबला. त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, मला माहीतच नाही. कोणी विचारलंच नव्हतं. थांबा, बघू द्या मला नीट."

आणि त्या बघायला लागल्या. एकेक पान, एकेक तुकडा, गालाला लावून, उजेडात धरून, पुन्हा मागे जाऊन. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तर काकांनी त्याला तिथूनच हात केला.

"उद्या या," ते म्हणाले. "आज काम मोठं आहे."