घरचा रकाना

सुनंदा गेली त्या दिवशी शाळेतून मला चार फोन आले होते. मी झोपलेलो होतो. मी रात्रपाळी करतो, त्यामुळे सकाळी घरी आल्यावर फोन सायलेंटवर टाकून बेसमेंटमध्ये झोपतो. बारा वर्षांची सवय आहे. दाराची बेल बराच वेळ वाजत राहिली तेव्हा वर आलो. दारात विजयालक्ष्मी उभी होती. ती सुनंदाच्या शाळेत शेजारच्या वर्गाला शिकवते. पायात बूट होते, पण अंगात कोट नव्हता.

तिने सांगितलं की दुसऱ्या तासाला सुनंदा फळ्यापाशी खुर्चीत बसली, मुलांना म्हणाली, पुढचं उदाहरण सोडवा, आणि मग उठली नाही. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत संपलं होतं. हृदय. फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार होता. मी विजयालक्ष्मीला म्हणालो, "आत या, थंडी आहे."

त्याच सकाळी मी सुनंदाला बघितलं होतं. माझी गाडी ड्राइव्हवेत शिरत होती, तिची निघत होती. तिने काचेतून हात केला. सोमवार ते शुक्रवार आमची भेट बहुतेक अशीच व्हायची.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने विचारलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत धाप लागत होती का, दमायच्या का. मी म्हणालो, नाही, काहीच नव्हतं. आमची मुलगी ऊर्मी व्हँकुव्हरहून आली, तिनेही तेच विचारलं. तिलाही तेच सांगितलं. मी खोटं बोलत नव्हतो.

ऊर्मी दहा दिवस राहून गेली. त्यानंतरच्या शनिवारी विजयालक्ष्मी सुनंदाचं सामान घेऊन आली. दोन खोके, एक शाल, चहाचा मग. ती तमिळ आहे, आम्ही इंग्रजीतच बोलतो. इथे मी ते मराठीत लिहितो आहे.

"सुनंदाचा वर्ग आता माझ्याकडे दिलाय," ती म्हणाली. "तुमच्याकडे एक काम होतं."

काम बर्फाचं होतं. ते आधी नीट सांगायला हवं.

सुनंदा सहावीला गणित शिकवायची. नागपूरला ती शिक्षिकाच होती. इथे कॅनडात, स्कारबरोला आल्यावर सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि चाळिशी उलटल्यावर शाळेत लागली. पुस्तकातले आकडे मुलांना आपले वाटत नाहीत, असं ती म्हणायची. म्हणून इंटरनेटवर बसून धडे शोधायची. त्यात तिला शिक्षकांसाठी फुकट असलेली एक साइट सापडली. वर्गाने एखादी गोष्ट स्वतः मोजायची, रोजचा आकडा साइटवर भरायचा, साइट त्याचा आलेख काढून देते. दुसऱ्या गावच्या शाळाही तेच मोजत असतात. मुलं आपला आलेख त्यांच्या आलेखाशी ताडून बघतात, कुठे काय वेगळं आहे ते शोधतात, आणि शेवटी सगळ्यांचं काम साइटवर लागतं.

तिच्या वर्गाने बर्फाची खोली घेतली होती. एक डिसेंबरपासून रोज सकाळी शाळेच्या मैदानात मोजायचं. शनिवार-रविवार आणि सुट्टीत शाळा बंद, म्हणून सुनंदाने दुसरा रकाना केला, 'घर'. आमच्या मागच्या अंगणात मोजायचं, तेही रोज. पट्टी मी करून दिली होती. पांढरा रंग दिलेली लाकडी पट्टी, त्यावर सेंटिमीटरच्या काळ्या खुणा. अंगणात पुरलेली आहे. मागच्या दारातून पाच पायऱ्या उतरून, बर्फातून तिथपर्यंत जाऊन, वाकून आकडा वाचावा लागतो.

"मेअखेर काम लावायचंय," विजयालक्ष्मी म्हणाली. "मुलांनी ठरवलंय, पहिल्या पानावर मिसेस हर्डीकरांचा घरचा रकाना टाकायचा. बर्फ वितळेपर्यंत तुम्ही मोजाल का?"

मी हो म्हणालो. त्या दिवसांत मला कोणी दुसरं काही मागितलं नव्हतं.

रोज कामावरून आलो की आधी मागे जायचो, आकडा वाचायचो, मग सुनंदाच्या लॅपटॉपवर भरायचो. साइट उघडीच असायची, तिचंच नाव वर दिसायचं. तिच्या रकान्यात मी आकडे घालत होतो. दिवसाला पाच मिनिटांचं काम. बाकीच्या दिवसाला मला काही काम नव्हतं.

आठवडाभराने मी रकाना वरपासून वाचला. तिच्या आकड्यांमध्ये अकरा चौकटी रिकाम्या होत्या. डिसेंबरअखेर दोन, जानेवारीत पाच, उरलेल्या फेब्रुवारीत. ती गेल्यापासून मी मोजायला लागेपर्यंतचे दिवस वेगळे, त्यांचं कारण सगळ्यांना माहीत होतं. मला ते बरं दिसेना. शाळेचा रकाना सुट्ट्या सोडून भरलेला, आणि तिचा, जो पहिल्या पानावर लागणार, त्यात भोकं. लोक म्हणतील बाईंनी टाळाटाळ केली.

मी एका फॅक्टरीत बॉयलर ऑपरेटर आहे. दर दोन तासांनी वाफेचा दाब, पाण्याची पातळी, धुराचं तापमान लॉगबुकात लिहायचं असतं. कधी एखादं रीडिंग राहतं. मग वरचा आकडा बघायचा, खालचा बघायचा आणि मधला लिहायचा. सगळे असंच करतात. तपासणीला माणूस येतो तेव्हा चुकीचा आकडा त्याला दिसत नाही, रिकामी चौकट दिसते.

सुनंदाला हे माहीत होतं. मागच्या वर्षी एका रविवारी ती जेवणाच्या टेबलावर मुलांचे कागद तपासत होती आणि मी सहज सांगितलं. ती पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, मग ते लॉगबुक कशाला म्हणता? कादंबरी म्हणा."

"बॉयलर काही फुटला नाही अजून."

"तुमच्या नशिबाने. माझ्या वर्गात असं केलंत तर बाहेर उभं करीन. मोजलं नाही तर चौकट रिकामी ठेवायची आणि कारण लिहायचं. एवढंच शिकवते मी वर्षभर, बाकी सगळं कॅल्क्युलेटर करतो."

मी हसलो होतो. वर म्हणालो होतो, "शाळेत चालतं ते. पगार देणारे कारण वाचत नाहीत."

हे सगळं मला त्या सकाळी आठवलं नाही असं नाही. आठवलं, तरी मी भरलं. वरचा आकडा, खालचा आकडा, मधला. प्रत्येक चौकट भरताना साइट विचारायची, या चौकटीला जोडलेलं कारण काढून टाकू का? मला वाटलं, आकडा आला म्हणजे कारणाचं काय काम. मी हो दाबलं. अकरा वेळा दाबलं. एकदाही ते कारण उघडून बघितलं नाही. मग आलेख बघितला. तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत रेघ कुठेही तुटत नव्हती. त्या रात्री मी कामावर डबा नेला, बऱ्याच दिवसांनी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अंगणातला बर्फ संपला. विजयालक्ष्मीने मला वर्गात बोलावलं. मुलांना पट्टी बघायची होती. मी ती उपटून, पुसून घेऊन गेलो. पंचवीस मुलं होती. एकाने पट्टी हातात घेऊन विचारलं, ही खरंच तुम्ही केली का. मी म्हणालो, दुकानात अशी वाकडी मिळत नाही. मुलं हसली.

विजयालक्ष्मीने भिंतीवर आलेख लावला. शाळेचा निळा, घरचा लाल. ती म्हणाली, काही वेगळं दिसतं का बघा. श्रावणी नावाची एक मुलगी पुढे बसली होती, तिने हात वर केला.

"अठ्ठावीस जानेवारीला शाळेत एका रात्रीत सतरा सेंटिमीटर वाढलाय. घरी आठच. शाळा आणि मिसचं घर एवढं लांब आहे का?"

"गाडीने सहा मिनिटं," मी म्हणालो.

"मग अर्धा बर्फ तुमच्या घराला वळसा घालून गेला?" मागून एक मुलगा म्हणाला. परत हशा झाला.

श्रावणी हसली नाही. ती आलेखाकडेच बघत होती. "पण अठ्ठावीस तारीख रिकामी होती. इथे भोक होतं. मी बघितलंय."

मी म्हणालो, "मी भरलं. रिकामं होतं म्हणून."

"मोजलं नसताना?"

"अंदाजाने."

"आणि कारण?" तिने विचारलं. "मिस प्रत्येक भोकाचं कारण लिहायच्या. आम्हाला वाचायला लावायच्या, म्हणजे आम्हीही लिहू."

मी विचारलं, काय लिहिलं होतं. मला वाटलं होतं, घाई होती, विसरले, असलं काही.

श्रावणी म्हणाली, "पायऱ्या. पायऱ्या उतरून परत चढायला दम लागतो, म्हणून आज नाही, असं."

दुसरी एक मुलगी म्हणाली, "एकदा छातीत जड वाटतंय असं होतं."

"जड नाही. दुखतंय होतं."

"ते एकदाच. एकदा रात्रभर बसून होते असं होतं. झोपल्यावर श्वास अडकतो म्हणून."

"मी विचारलं होतं, डॉक्टरकडे गेलात का," मागचा तो मुलगा म्हणाला. त्याचा आवाज आता बारीक झाला होता. "मिस म्हणाल्या, आधी डेटा गोळा करू दे."

विजयालक्ष्मीने माझ्यासाठी खुर्ची ओढली. ती खुर्ची फळ्यापाशीच होती. मी बसलो नाही.

तिने सहावीच्या मुलांना सांगितलं होतं, मला सांगितलं नव्हतं. मी वाईट वाटून घेतलं, मग हिशेब केला की सांगणार कधी होती. ती काचेतून हात करायची तेव्हा? मी बेसमेंटमध्ये झोपलेलो असायचो. शनिवार-रविवारीही दुपारपर्यंत झोपायचो. मागच्या अंगणात पावलं उमटलेली आहेत की नाहीत, हे मी कधी बघितलं नव्हतं. तिने सगळं लिहून ठेवलं होतं, तारखेसकट, आमच्याच लॅपटॉपवर.

घरी येऊन मी साइटवाल्यांना ईमेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य होतं. आम्ही तिघेच जण फावल्या वेळात ही साइट चालवतो, काढून टाकलेली कारणं आमच्याकडे साठवलेली नसतात, माफ करा. मी ऊर्मीला फोन केला. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिने तासभर माझ्या लॅपटॉपमध्ये शिरून शोधलं.

"बाबा, इथे काहीच नाहीये. तू डिलीट करताना वाचलं का नाहीस?"

"वाचायला हवं होतं."

"आय मीन, इट आस्क्ड यू. अकरा वेळा विचारलं तुला."

"हो."

मग ती म्हणाली, "मला म्हणालास काहीच नव्हतं."

ती म्हणाली, मीटिंग आहे, नंतर करते. त्यानंतर ती दर रविवारी फोन करते, जेवलास का विचारते. आईचं काही विचारत नाही.

वर्गाच्या भिंतीवर जानेवारीच्या मध्याला छापलेला एक आलेख होता. विजयालक्ष्मीने तो मला पाठवला. त्यात चार भोकं दिसतात. श्रावणीची अठ्ठावीस जानेवारी धरली तर पाच तारखा कळल्या. उरलेल्या सहा मला आठवत नाहीत. मी भरलेले आकडे तिच्या आकड्यांत असे मिसळलेत की माझे कुठले आणि तिचे कुठले, हे मलाच ओळखू येत नाही. एवढं चांगलं काम मी केलं होतं. मुलांना जी कारणं आठवतात ती कुठल्या तारखेची, यावर त्यांचं एकमत होत नाही. मी विजयालक्ष्मीला विचारलं, मुलांना आठवतं तसं लिहून टाकलं तर. तिने ते वर्गाला विचारलं. श्रावणी म्हणाली, आठवतं असं वाटणं म्हणजे मोजणं नाही, मिसने चालवून घेतलं नसतं. बाकीच्यांनी माना हलवल्या.

मग वर्गाने मत घेतलं. घरच्या रकान्यातले सहा आकडे खोटे आहेत आणि ते कुठले हे माहीत नाही, तर तो रकाना पहिल्या पानावर लावता येत नाही. कुठेच लावता येत नाही. पूर्ण रकाना वगळायचा. तीन मुलं विरोधात होती, ती रडत होती असं विजयालक्ष्मी म्हणाली. बावीस बाजूने. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, बरोबर केलं. सुनंदानेही हेच केलं असतं. मला बाहेर उभं केलं असतं आणि हेच केलं असतं.

मागच्या आठवड्यात कामावर दोनचं रीडिंग राहिलं. मी चौकट रिकामी ठेवली आणि शेजारी लिहिलं, घेतलं नाही. सकाळी सुपरवायझरने ते खोडलं आणि स्वतःच्या हाताने मधला आकडा भरला. मला म्हणाला, हेमचंद्र, घरी जा, झोप काढ.

आता वर्गाचं काम तयार आहे, फक्त शाळेचा रकाना घेऊन. साइटचा नियम असा आहे की रकाना वगळला तर त्याखाली कारण लिहावं लागतं, त्याशिवाय काम लागत नाही. वर्गाने ठरवलं की ते कारण मी लिहायचं, कारण आकडे मी भरले होते. विजयालक्ष्मीने लिंक पाठवली आहे. दोन ओळी पुरतील, असं तिने लिहिलंय. मी रोज सकाळी लॅपटॉप उघडतो. वर सुनंदाचं नाव दिसतं, खाली ती चौकट. एकतीस मेपर्यंत भरायची आहे. आज एकोणतीस आहे. मी अजून काही लिहिलेलं नाही.