कोरड्या दिवसांचा साक्षीदार

मी एक जुना पर्जन्यमापक आहे. पाऊस मोजायचं साधं, पत्र्याचं यंत्र. मोजणं हेच माझं काम, म्हणून सुरुवातही मोजूनच करतो. माझे भाग चार: वरचं नरसाळं, आतली बाटली, बाहेरचा डबा आणि पाणी मोजायची काचेची नळी. अंगावर पोचे तीन. मी उभा आहे तिथून दिसणारी मोसंबीची झाडं बेचाळीस, रोपांवर सावली धरणारं शेडनेट एक, घर एक. घरात माणसं तीन. त्या तिघांपैकी एक जण दुसऱ्या देशाची नागरिक आहे आणि मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्यासारखी झाली ती तिच्यामुळेच.

माझा जन्म जुन्या जालन्यातल्या एका पत्राकामाच्या दुकानात झाला. त्याला आता बावीस वर्षं झाली. ख्वाजामियाँ नावाचे कारागीर मला घडवत होते. त्यांनी आयुष्यभर डबे, चाळण्या आणि कोठ्या केल्या होत्या, पण माझं नरसाळं करताना त्यांनी पितळी मापानं माझं तोंड अकरा वेळा मोजलं. बाजूला बसलेला गिऱ्हाईक कंटाळून म्हणाला, "चाचा, पावसाला काय समजतंय?" ख्वाजामियाँनी मान वर न करता सांगितलं, "पावसाला नको समजू दे. गोलाई बराबर होना. बाल बराबर फरक बी नको." त्यांच्या हाताची ती गोलाई आजही तशीच आहे. पोचे पडले ते सगळे डब्याला. नरसाळ्याला एकही नाही.

एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशेतात मी अकरा वर्षं नोकरी केली. पावसाळ्यात रोज सकाळी कुणीतरी यायचं, माझ्यातलं पाणी नळीत ओतायचं आणि आकडा लिहून घ्यायचं. लोक शेतं पाहायला येत तेव्हा मला दाखवत. मला त्याचा अभिमान वाटायचा. मग एक दिवस उंच खांबावरचं नवं यंत्र आलं. ते आकडे स्वतःच पाठवायचं. मला उचलून गोदामात टाकलं. तीन पोच्यांपैकी दोन तिथलेच.

भंगारवाल्याच्या टेम्पोत चढायच्या आधी कंपनीतल्या एका माणसानं मला मागून घेतलं. त्याचं नाव अंगद. तो मला मोटरसायकलला बांधून अंबड तालुक्यातल्या आपल्या गावी, वडीगोद्रीला घेऊन आला. मला वाटलं, आता पुन्हा आभाळ दिसेल. पण अंगदची आई झुंबरबाई यांनी मला वेगळ्याच नजरेनं पाहिलं. माझ्या नरसाळ्यातून त्या गोडेतेल ओतू लागल्या आणि डब्यात तूरडाळ ठेवू लागल्या. काचेची नळी कोनाड्यात उदबत्त्या खोवायला गेली. मित्रांनो, तेलाचा राग नाही. पण ज्याचं तोंड अकरा वेळा मोजलं, त्याला कुणी काही विचारूच नये, याचं वाईट वाटायचं.

अशी सात वर्षं गेली. मग अंगदचं लग्न झालं आणि घरात विष्णुमाया आली.

विष्णुमाया नेपाळची. पोखऱ्याच्या वरच्या डोंगरातली. शेतीचं शिक्षण घ्यायला ती भारतात आली, तिथे अंगदची ओळख झाली. आता ती वडीगोद्रीत राहून त्याच बियाणे कंपनीसाठी मिरचीच्या चाचण्या घेते आणि सल्ल्याचं मानधन मिळवते. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं मला तेलासकट हातात घेतलं, उलटं केलं आणि माझ्या तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आई, हे नरसाळं तेलाचं नाही."

"मंग कशाचं?" झुंबरबाईंनी विचारलं.

"पावसाचं."

"पावसाला नरसाळं लागतंय व्हय? तो आपसूक पडतो की."

विष्णुमायानं मला गरम पाण्यानं आणि राखेनं धुतलं. मोकळ्या जागी, घरापासून आणि झाडांपासून लांब, सिमेंटचा छोटा ओटा करून मला त्यावर बसवलं. इतक्या लांब की घरातलं बोलणं मला ऐकू येऊ नये. पण झुंबरबाईंचा आवाज तिथपर्यंतही पोचतो, आणि बाकीचं सगळं मला त्यांच्याच बोलण्यातून कळतं.

त्या दिवसापासून रोज सकाळी साडेआठला ती माझ्यापाशी येते. बाटलीतलं पाणी नळीत ओतते, नळी ओट्यावर ठेवते आणि वाकून डोळा पाण्याच्या रेषेला आणते. मग वहीत तारीख, आकडा आणि सही. पाऊस नसेल तेव्हाही ती येते. बाटली उलटी करून पाहते आणि लिहिते: ०.०.

आता मराठवाड्यात कोरडे दिवस किती, हे मी सांगायला नको. कंपनीला फक्त पावसाच्या दिवसांचे आकडे हवे होते. शून्यं लिहिणं ही तिची स्वतःची सवय. झुंबरबाई रोज टोमणा मारायच्या.

"काय गं, कोरडं भांडं पाहून काय लिहून राह्यली?"

"शून्य, आई."

"कालच तर लिव्हलं व्हतं!"

"ते कालचं."

"आमच्या सुनबाईनं शून्याचं दुकान काढलंय," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. वहीचं नावच 'शून्याची वही' पडलं. दर महिन्याला त्या वहीच्या पानाची कार्बन प्रत नवीन जालन्यातल्या कंपनीच्या कचेरीत जायची. तिथे तारखेचा शिक्का बसायचा आणि ती एका कपाटात पडून राहायची.

मग आयकराचं प्रकरण आलं. कर सल्लागार राधेश्याम गावात महिन्यातून एकदा येतात आणि अंगदच्या अंगणात बसून पाचसहा घरांची विवरणपत्रं भरतात. त्यांनी विष्णुमायाच्या कागदावर एक शब्द लिहिला: अनिवासी. भारतात न राहणारी. त्यामुळे कमी उत्पन्नाच्या माणसाला करात मिळणारी सूट तिला मिळाली नाही. तिनं एकोणीस हजार सातशे साठ रुपये कर भरला.

पैसे गेले त्याचं दुःख होतंच. दिवाळीआधीच्या वादळात शेडनेटचं कापड फाटलं होतं, आणि जवळजवळ तेवढ्यातच नवं कापड येत होतं. कापड नाही तर मिरचीची रोपं नाहीत, आणि रोपं नाहीत तर तिनं तीन वर्षं निवडत आणलेलं वाण त्याच साली संपणार होतं. पण मी तिला ओट्याशी उभं राहून तो कागद वाचताना पाहिलं आहे. ती पैशांच्या आकड्याकडे पाहत नव्हती. त्या एका शब्दाकडे पाहत होती.

पुढच्या वेळी राधेश्याम आले तेव्हा तिनं विचारलं, "भाऊ, मी भारतात राहत नाही, तर मग कुठे राहते?"

"तसं न्हाई, वैनी. तुमचं नागरिकत्व नेपाळचं. परदेशी माणूस म्हंजे अनिवासी. सीधी बात आहे."

"पण फॉर्ममध्ये देश एकदा विचारलाय आणि राहण्याचे दिवस वेगळे विचारलेत. एकाच गोष्टीसाठी दोन प्रश्न कशाला विचारतील?"

राधेश्याम हसले. "फॉर्मवाल्याला जाऊन विचारा."

तिनं फॉर्मसोबतच्या सूचना वाचल्या. सलग दोन दिवस वाचल्या. नियम साधा होता. करासाठी माणूस इथला निवासी आहे की नाही, हे तो वर्षात किती दिवस भारतात होता त्यावरून ठरतं. एकशे ब्याऐंशी दिवस किंवा अधिक असतील, तर निवासी. नागरिकत्वाचा रकाना वेगळा, सूट मिळण्याचा हिशेब वेगळा. तिनं दुरुस्त विवरणपत्र स्वतःच भरलं आणि सूट मागितली.

दोन महिन्यांनी पत्र आलं: एकशे ब्याऐंशी दिवसांच्या वास्तव्याचा पुरावा पंधरा दिवसांत सादर करावा.

"म्या म्हणलं न्हवतं का?" राधेश्याम म्हणाले. "पासपोर्टवरचे शिक्के आणा."

इथेच सगळं अडलं. नेपाळच्या माणसाला भारतात यायला पासपोर्ट लागत नाही. ती प्रत्येक वेळी ओळखपत्र दाखवून सीमा पायी ओलांडून आली होती. शिक्का कुठेच नव्हता. बसच्या तिकिटांवरची शाई उडून कागद कोरे झाले होते. वीजबिल सासूच्या नावावर. मोबाईलवरून केलेले व्यवहार कुठूनही करता येतात. अंगदनं घरातले सगळे डबे उपसले. पंधरातले सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी सकाळी साडेआठला विष्णुमाया नेहमीप्रमाणे माझ्यापुढे वाकली आणि ओसरीतून झुंबरबाई ओरडल्या, "अगं ए! रोज सकाळी त्या डब्यापुढं वाकती, ते कुठं वाकती? नेपाळात का वडीगोद्रीत?"

विष्णुमाया जागच्या जागी थांबली. बाटली तिच्या हातात तशीच उलटी होती.

"वही काढ की!" झुंबरबाई म्हणाल्या. "शून्याची!"

मित्रांनो, त्या वर्षात फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा होता. म्हणजे एकूण दिवस तीनशे सहासष्ट. विष्णुमायानं आपल्या नोंदी मोजल्या: दोनशे सत्त्याण्णव. दुसऱ्यांदा मोजल्यावर दोनशे शहाण्णव आल्या, म्हणून तिनं तिसऱ्यांदा मोजल्या. दोनशे सत्त्याण्णवच. त्यांतल्या बहुतेक नोंदी शून्याच्या होत्या. फक्त पावसाचेच दिवस लिहिले असते, तर पन्नासाच्या आतच आटोपलं असतं.

उरले एकोणसत्तर दिवस. त्या वर्षी ती दोनदा माहेरी गेली होती: आईच्या आजारपणात अडतीस दिवस आणि दसऱ्या-दिवाळीला एकतीस. त्या काळात वही अंगदकडे होती. त्यानं नऊ दिवस लिहिलं होतं. बाकीच्या साठ जागा कोऱ्या.

"या कोऱ्या जागी शून्य भरून टाकू," अंगद ओट्यापाशी येऊन हळूच म्हणाला. "पाऊस तर नव्हताच. वही भरलेली दिसंल. कोऱ्या जागा पाहून सायबांना शंका यायची."

"पाऊस नव्हता हे तुम्हांला माहीत आहे?"

"नव्हताच बहुतेक."

"तुम्ही मोजलं नाही. न मोजलेलं ते शून्य नसतं. ते कोरंच राहील."

"आन् त्यापायी काम बिघडलं तर?"

तिनं वही मिटली. पेनही अंगदच्या हातून काढून घेतलं.

जालन्याला निघाले तेव्हा झुंबरबाईंनी हट्ट धरला. "नुसती वही काय बोलणार? भांडं दाखवा." सकाळची नोंद झाल्यावर त्यांनी मला ओट्यावरून उचललं, पदरानं पुसलं आणि बसमध्ये मांडीवर घेतलं. अंबडपर्यंत मला शेजारच्या बाईनं तीनदा विचारलं, म्हणजे माझ्याकडे पाहून झुंबरबाईंना विचारलं, की हे लोणच्याचं आहे का. झुंबरबाई म्हणाल्या, "सरकारी काम आहे," आणि मला आणखी घट्ट धरलं.

आयकर कचेरीतल्या अधिकारी मॅडम शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी वही चाळली.

"ही कालच बसून लिहिली नाही कशावरून?"

विष्णुमायानं कंपनीकडून आणलेल्या बारा कार्बन प्रती पुढे ठेवल्या. प्रत्येकीवर त्या त्या महिन्याचा शिक्का. मॅडमनी पानं जुळवून पाहिली. मग त्यांचं बोट कोऱ्या जागांवर थांबलं.

"इथे नोंदी का नाहीत?"

अंगदनं विष्णुमायाकडे पाहिलं.

"तेव्हा मी नेपाळला होते," विष्णुमाया म्हणाली. "एकूण एकोणसत्तर दिवस. त्यातले नऊ यांच्या अक्षरात आहेत, ते माझे धरू नका."

"माझा पोरगा फकस्त पाऊस पडला की उठतो, मॅडम," झुंबरबाईंनी खुलासा केला.

मॅडम हसल्या. मग खुर्चीत पुढे सरकल्या. "खोटी वही असती तर तिच्यात कोरी जागा नसती," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "हे वापरतात कसं?"

विष्णुमायानं मला टेबलावर ठेवलं. मॅडमनी आपल्या बाटलीतलं थोडं पाणी माझ्या नरसाळ्यात ओतलं. अनेक वर्षांत पहिल्यांदाच माझ्यात छताखाली पाणी पडलं. विष्णुमायानं ते नळीत घेतलं, वाकली आणि म्हणाली, "सात पूर्णांक चार."

मॅडमनी बसल्या जागेवरून पाहिलं. "मला साडेसात दिसतंय."

"वरून तसंच दिसतं. डोळा रेषेला आणावा लागतो."

"वाका, मॅडम, वाका," झुंबरबाई म्हणाल्या. "आमची सून चार वर्षं झाली रोज वाकून राह्यली. तुम्ही एक डाव वाका."

मॅडम उठल्या आणि टेबलाशी वाकल्या. "सात पूर्णांक चार," त्या म्हणाल्या.

त्यांनी वहीतल्या विष्णुमायाच्या हातच्या नोंदी कारकुनाकडून मोजून घेतल्या. दोनशे सत्त्याण्णव. एकदाच मोजल्या आणि एकदाच जुळल्या.

आदेश तीन आठवड्यांत आला. त्यात 'अनिवासी' हा शब्द खोडून 'निवासी' केला होता. सूट मंजूर झाली आणि भरलेला सगळा कर परत मिळाला. देय कराच्या रकान्यात शून्य होतं. झुंबरबाईंनी ते पाहिलं आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, "बघ, आता सरकार बी शून्य लिहून राह्यलंय!" शेडनेटवर नवं हिरवं कापड चढलं. मिरचीची रोपं वेळेवर लागली. त्या वाणाला फळ धरलं तेव्हा पहिली परडी झुंबरबाईंनी माझ्या ओट्यावर आणून ठेवली. विष्णुमायानं लगेच उचलायला लावली, कारण माझ्याजवळ काही ठेवायचं नसतं. पण तेवढा वेळ मी त्या परडीकडे बघून घेतलं.

गेल्या महिन्यात राधेश्याम आले ते थेट माझ्यापाशी. त्यांच्या एका गिऱ्हाइकाचा जावई परदेशी आहे. "वैनी," ते जरा चाचरतच म्हणाले, "दिवस मोजायचे कसे, एकडाव बराबर समजून सांगता का?" विष्णुमायानं त्यांना वाकायला लावलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या शाळेत, शेतात किंवा गोदामात माझ्यासारखा एखादा पडला असेल, तर त्याला धुऊन मोकळ्या जागी उभा करा. त्याच्या नरसाळ्यात पानं साठू देऊ नका. रोज ठरल्या वेळी त्याच्याकडे या. पाणी असेल तर वाकून वाचा. पाणी नसेल तर तेही लिहा. आणि ज्या दिवशी आला नाहीत, त्या दिवसाची जागा कोरी ठेवा.

आज सकाळी साडेआठ वाजता: ०.० मिलिमीटर.