गौराचं जोडवं

आजाऱ्याला बघायला येणारी माणसं खरं तर त्याची दशा बघायला येतात. माझ्या बायकोने त्यांची साफ निराशा केली.

गौराच्या उजव्या पोटरीवर काळा चट्टा उठला होता, तो कातडीचा कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी मांडीला पट्टा आवळला आणि केमोचं औषध फक्त त्या पायातच फिरवलं. त्यामुळे भोगलं ते पायानेच. लाल झाला, गरम झाला, सुजला, कातडी सोलून निघाली. डोक्यावरचा अंबाडा मात्र जिथल्या तिथे. टक्कल बघायला मिळेल या आशेने आलेली शेजारची विमलबाई हिरमुसली.

"केस तर हायत गं तुजं!"

गौराने साडीचा काठ वर केला. "टक्कल हितं पडलंय बघ. पायाला."

दोघी खिदळल्या. मग विमलबाईची नजर बोटांवर गेली. "जोडवी कुठं हायत? नवरा जिता आसताना पाय भुंडं?"

मला असा संताप आला! आमच्याकडे जोडवी उतरवतात ती नवरा गेल्यावरच. इस्पितळात काढताना गौरा केवढी रडली होती, आणि ही बाई त्यावरच बोट ठेवते. नर्सने बजावलं होतं, सूज परत चढू शकते, त्या पायात काही घालायचं नाही. बोटं बधिर झाली किंवा काळीनिळी पडली तर लगेच डॉक्टर गाठायचा.

"डाव्या पायात घाल, झालं," मी म्हणालो.

"आन अर्ध्या नवऱ्याचं काय करू?" गौरा फणकारली.

मी कशेळे-कर्जत जीप चालवतो. जीप भरल्याशिवाय सोडायची नाही हा आमचा धर्म. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टँडवर सीटा भरत होतो, तेवढ्यात तिचा फोन आला. "पायाला मुंग्या येतायत. जरा घरी येता का?"

ही बाई कधी मला बोलवत नाही. मी बसलेल्या माणसांना खाली उतरवलं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि रिकामी जीप दामटली.

घरी बघतो तर उजव्या पायात जोडवं! सकाळी सूज कमी वाटली म्हणून हिने गुपचूप चढवलं होतं आणि शिवाय पाय खाली सोडून भाकऱ्या थापल्या होत्या. आता चांदी मांसात रुतलेली आणि बोट जांभळासारखं. साबण लावला, तेल लावलं, हलेना. कॅन्सरमधून वाचवलेला पाय जोडव्यापायी जातो की काय?

तिला जीपमध्ये घालून कर्जतला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोट बघितलं आणि अंगठी कापायचा छोटा कटर काढला. गौराने पाय ओढून घेतला.

"कापायचं नाय! ह्यांचं आयुष्य हाय त्यात."

"ताई, उशीर केला तर बोट जाईल."

"जाऊ दे. बोटं धा हायत, नवरा येकच हाय."

मला राहवेना. राग आला होता.

"गौरे, आयुष्य कुनाचं?"

"तुमचं."

"मंग त्याचा मालक मी. तुला चालता यावं म्हनून मी सांगतोय. कापा वो डॉक्टर!"

तिने डोळे गच्च मिटले आणि माझं मनगट असं आवळलं की माझाच हात बधिर व्हायची वेळ आली. कटर करकरला. चांदी उकलली. हळूहळू बोटावर लाली परतू लागली.

"ताई, आता बोट कसं वाटतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

गौराने डोळे उघडले आणि पायाकडे ढुंकूनही न बघता माझ्याकडे बघत राहिली.

"बोटाचं ऱ्हाऊ द्या. आदी ह्यांना तपासा."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी नळी कानाला लावली, माझ्या छातीवर ठेवली आणि अगदी मन लावून ऐकलं.

"ठणठणीत आहेत."

तेव्हा कुठे गौराने खाली बघितलं आणि बोट हलवून पाहिलं.