वॅलरीचे खिळे

"पावती?" ओनेझिया मावशी कॉफीची किटली हातात तशीच धरून म्हणाल्या. "छपराची पावती? अगं पोरी, छप्पर काय मी दुकानातून उचलून आणलंय?"

माझी बायको व्हर्ली फाइलीतले कागद उगाच पुढंमागं करत राहिली. गेली तीस वर्षं ती आमच्या खाडीकाठच्या घरांचे विमे उतरवते. बोलणं हाच तिचा धंदा. तिचा गुडघा दुखतो म्हणून गाडी मी चालवतो आणि ती कुणाच्या घरी शिरली की कोपऱ्यात बसून कॉफी पितो. कोळंबीचा भाव पडल्यापासून मला एवढंच काम उरलंय, आणि ते मी मन लावून करतो.

"कंपनीच्या कागदावर तुमचं छप्पर वीस वर्षांचं आहे, मावशी," व्हर्ली शेवटी म्हणाली. "एवढ्या जुन्या छपराचा विमा ते आता घेत नाहीत. वादळांचे दिवस लागायच्या आत तुमचा विमा संपतोय. पुढं चालू ठेवणार नाही म्हणतात."

"वीस वर्षांचं? लेस्टर, सांग रे हिला. तू होतास ना वर?"

मी होतोच. दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळानं मावशींचं जुनं छप्पर उचलून पलीकडच्या उसात नेऊन टाकलं होतं. घरावर निळी ताडपत्री, आत पाणी, आणि ठेकेदार मिळायला वर्षाची रांग. मग आमच्याकडे जे नेहमी होतं तेच झालं. एका शनिवारी सगळी खाडी हातोडे घेऊन हजर. याला आम्ही 'हात देणं' म्हणतो. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या. पैशांची गोष्ट कुणी काढत नाही, काढली तर भांडण होतं. घरधनीण भलंमोठं पातेलं भरून गंबो, म्हणजे कोळंबीचं दाट कालवण, रांधते, सगळे भाताबरोबर ओरपतात आणि घरी जातात. पावती मागायची कुणाला सुचणार, आणि द्यायची तरी कुणी? गंबो खाल्ल्याची?

मावशींचे यजमान वॅलरी तेव्हा होते. पायांनी दगा दिलेला, त्यामुळे वर चढता येईना. चालताना आधाराला धरायची चौकट घेऊन ते दिवसभर खाली अंगणात उभे राहिले आणि आमचं डोकं खाल्लं. "अजून खिळे मारा रे! कंजूषपणा कशाला करताय, खिळे तुमच्या सासऱ्याचे आहेत का?" आम्ही वैतागून मारत सुटलो. एकेका पत्र्यात एवढे खिळे गेले की शेवटी कुणीतरी वरून ओरडलं, "वॅलरी, आता पत्र्यात जागाच उरली नाही!" त्यावर म्हातारा म्हणाला, "मग दोन खिळ्यांच्या मधे मारा." त्याच हिवाळ्यात ते गेले.

"मी कंपनीला विचारलं, कुणीतरी येऊन बघून जा," व्हर्ली सांगत होती. "तर म्हणाले, विमानातून काढलेला फोटो आहे आमच्याकडे. वरून पत्रा तो पत्राच दिसतो, नवा काय आणि जुना काय. परवानाधारक ठेकेदारानं घातल्याची सही हवी."

"आणि विमा नसला तर? नसू दे. माझ्या आईनं कुठं घेतला होता विमा?"

"बँक आहे ना, मावशी."

मावशींनी किटली खाली ठेवली. घर उंच खांबांवर उचलून घ्यायला वॅलरींनी बँकेचं कर्ज काढलं होतं. विमा नसला तर बँक आपल्या मर्जीनं विमा काढते आणि त्याचा हप्ता आपल्या गळ्यात मारते. तो हप्ता मावशींच्या पेन्शनपेक्षा मोठा होता. सरकारी विमाही त्यांच्या आवाक्यातला नव्हता. म्हणजे घर विकायचं आणि बॅटन रूजला मुलीकडे जायचं. मुलगी चांगली आहे, बोलावतेही. पण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि खिडकीतून दिसतात त्या दुसऱ्यांच्या मोटारी. मावशी तिथं एकदा आठवडाभर राहायला गेल्या आणि चौथ्या दिवशी बसनं परत आल्या होत्या.

"तुझ्या छपराचं काय गं?" मावशींनी एकदम विचारलं. "तुझंही या खाडीनंच घातलंय की."

व्हर्लीनं कॉफीचा कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झाला होता.

मग माझ्या बायकोनं जे केलं ते मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. ही बाई एवढी सरळ की एकदा माझ्याच बोटीच्या विम्याचा अर्ज तिनं मला परत केला होता, का तर मी इंजिनाचं वय दोन वर्षांनी कमी लिहिलं होतं. ती खाली बघत म्हणाली, "माझा चुलतभाऊ ड्यूई ठेकेदार आहे. त्याच्याकडे परवाना आहे. मागची तारीख टाकून बिल देईल तो. मी बोलू का त्याच्याशी?"

मला तिच्याकडे बघवेना.

"ड्यूईनं छप्पर घातलं म्हणून लिहायचं?" मावशी म्हणाल्या. "वॅलरी दिवसभर खाली उभा राहिला आणि नाव ड्यूईचं?"

"नुसत्या कागदावर, मावशी."

"खोटं बोलल्याचं मी चर्चमध्ये फादरला सांगून मोकळी होईन, त्याचं एवढं काही नाही. पण उद्या हे उघडकीला आलं तर तुझा विम्याचा परवाना जाईल. मग या खाडीला कोण विचारणार? टेलिफोनवरची ती बाई, जी दर वेळी माझं नाव स्पेलिंग करून मागते?" त्यांनी व्हर्लीचा हात धरला. "ड्यूईला ये म्हणावं. पण काम कर म्हणावं. हे छप्पर काढ, दुसरं घाल, मग खुशाल लाव तुझं नाव."

"धडधाकट छप्पर काढायचं?" न राहवून मी बोललो. "आणि पैसे?"

"बोट आहे," मावशी म्हणाल्या.

वॅलरींची कोळंबीची बोट धक्क्याला बांधलेली होती. आमच्याकडे बोटीला बायकोचं नाव देतात. हिच्या नाकावर मोठ्या लाल अक्षरांत 'मिस ओनेझिया' लिहिलेलं. अलाबामाचा एक माणूस येऊन ती विकत घेऊन गेला. त्यानं नाव बदललं नाही. बोटीचं नाव बदलणं अशुभ, हे तिकडच्यांनाही कळतं. मावशी धक्क्यावर आल्या नाहीत. घराच्या जिन्यात बसून त्यांनी बोट जाताना पाहिली, नंतर मला म्हणाल्या, "बघ लेस्टर, शेवटी मिस ओनेझिया गेली आणि मी राहिले." त्या हसल्या, मीही हसलो, आणि घरी येऊन गाडीतच बराच वेळ बसून राहिलो.

ड्यूई एप्रिलमध्ये आला, त्याची माणसं आणि नवे पत्रे घेऊन. त्या सकाळी सगळी खाडी पुन्हा हजर झाली, हातोडे घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं. पण मावशींचं छप्पर म्हटल्यावर घरी बसायचं कसं?

ड्यूई शिडीपाशी आडवा आला. "नाही बाबांनो. वर फक्त माझी माणसं. कुणी पडलं तर माझा विमा भरून देणार नाही."

"म्हणजे विम्यासाठी छप्पर काढायचं, आणि विम्यासाठीच आम्ही चढायचं नाही?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? तुझ्या बायकोला विचार."

व्हर्ली फाइलसाठी फोटो काढत होती. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. मग आम्ही आपले बर्फाच्या पेट्यांवर अंगणात बसून राहिलो, हातोडे मांडीवर घेऊन. लग्नाला जावं आणि पंगतीत पान मांडलेलं नसावं, तशी आमची गत झाली होती.

ड्यूईनं जुनं छप्पर दुपारपर्यंत उतरवायचं ठरवलं होतं. दुपार झाली, गंबो तयार झाला, तरी अर्धे पत्रेसुद्धा निघाले नव्हते. पहारी वाकल्या. होंडुरासहून आलेली ड्यूईची दणकट माणसं घामानं निथळत होती आणि आपल्या भाषेत कुणालातरी मनापासून शिव्या देत होती. शेवटी ड्यूई वरून खेकसला, "कुणी मारलेत हे एवढे खिळे?"

आम्ही सगळे होतो तिथं. प्रत्येकानं मारले होते. पण जो तो मांडीवरचा हातोडा न्याहाळायला लागला. मावशी गंबोचा डाव हातात घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर आल्या.

"माझ्या नवऱ्यानं," त्या म्हणाल्या.

खरं म्हणजे वॅलरींनी एकही खिळा मारला नव्हता. पण आमच्यापैकी कुणालाही ते खोटं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवं छप्पर झालं. चांगलं झालं, उगाच नावं कशाला ठेवू? सगळं स्क्रूनं बसवलेलं, यंत्रानं, हातोड्याचा आवाजही नाही. ड्यूईनं सही करून बिल दिलं, व्हर्लीनं ते छातीशी धरलं. कंपनीनं आधीच कळवलं होतं, ही सही मिळाली की विमा चालू, एका वर्षापुरता. पुढच्या वर्षी काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मावशींनीही विचारलं नाही.

माणसं शिड्या आवरायला लागली तेव्हा मावशी खाली अंगणात आल्या आणि बरोबर त्या जागी उभ्या राहिल्या, जिथं वॅलरी चौकट धरून उभे होते. त्यांनी ॲप्रनच्या खिशातून एक खिळा काढला. उपटलेल्यांपैकीच, ठोकून सरळ केलेला.

"अजून एक मार रे, बाबा," त्या शिडीवरच्या माणसाला म्हणाल्या.

त्याला आमची भाषा येत नव्हती. त्यानं खिळ्याकडे पाहिलं, मग ड्यूईकडे. ड्यूई काहीतरी बोलणार होता, पण त्यानं टोपी काढली आणि नुसती होकारार्थी मान हलवली. त्या माणसानं हातातलं यंत्र दाखवून खांदे उडवले. स्क्रूच्या यंत्रानं खिळा मारता येत नाही.

मी पेटीवरून उठलो आणि खिळ्याबरोबर माझा हातोडा वर दिला.

पत्र्याला धक्का न लावता, छपराच्या कडेच्या लाकडात त्यानं तो खिळा मारला, अगदी डोक्यापर्यंत. मावशींनी हात डोळ्यांवर धरून नीट पाहिलं. व्हर्ली दुखऱ्या गुडघ्यानं शिडीच्या दोन पायऱ्या चढली आणि तिनं त्या खिळ्याचाही फोटो काढला.