टाकीखालचा जोड

मी एक जुनी मोटरसायकल आहे, लांबच्या प्रवासाची. मित्रांनो, गोडगोड ऐकायचं असेल तर दुसरं दार बघा.

कारखान्यातून मी शोरूममध्ये आले आणि तिथून नागपुरात प्रताप नगरच्या सौरवकडे. त्याच्या आईनं मला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सौरव बँकेत नोकरीला होता, पण शनिवार आला की त्याचा पाय घरात ठरत नसे. चिखलदरा, पचमढी, बस्तर, सगळं आम्ही सोबत पाहिलं. माझी चेन तो दात घासायच्या जुन्या ब्रशनं स्वतः साफ करायचा. पाहुण्यांना सांगायचा, "हे गाडी नाही, माही लेक आहे." मी खुळी, खरं मानायचे.

तिसऱ्या वर्षी मनालीच्या पुढच्या घाटात आम्ही घसरलो. सौरव माझ्याखाली चेंगरायचाच, पण माझा चेसिस एका धोंड्यावर आपटून अडला आणि मधल्या फटीत त्याचा पाय वाचला. चेसिस मात्र टाकीखाली तडकला. ट्रकमधून मला नागपूरला आणलं. संघपाल मिस्त्रीनं वेल्डिंग केलं आणि बजावलं, "भाऊ, हा जोड गावापुरता चालन. लांब जाचं असन तर पुरा चेसिस बदला."

सौरवनं चेसिस बदलला नाही. त्यानं नवी गाडी बुक केली आणि मला लकडगंजात शालिकराम डीलरकडे विकायला ठेवलं. शालिकरामनं जोडावर काळा रंग मारला.

"जोडाचं सांगावं लागन ना?" सौरवनं विचारलं.

"काहून? घेणारा टाकी काढून पाह्यते का? सांगसान तर वर्षभर इथंच उभी राहीन."

दोन महिने मी तिथं धूळ खात उभी होते. लोक यायचे, सीटवर बसून फोटो काढायचे आणि निघून जायचे. सौरव एकदाही फिरकला नाही.

मग दामिनी आली. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ती नर्स आहे. जूनमध्ये एकटीनं लडाखला जायचं, हे तिनं सहा वर्षांपासून ठरवलेलं. सौरव त्या दिवशी कागदांवर सह्या करायला आला होता. तिनं थेट त्यालाच विचारलं, "खरं सांगा दादा, गाडी कधी पडली तर नाही ना? मले घाटात न्यायची आहे."

सौरवनं माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही ताई. लेकीसारखी वापरली."

असल्या बापापेक्षा भंगारवाला परवडला. ज्याचा पाय मी वाचवला, त्यानंच दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, आणि वर चहा पिऊन गेला. मला तोंड नाही, नाही तर तिथंच बोलले असते.

आता दामिनी दर रविवारी मला वर्धा रोडवर नेते. वेग ऐंशीच्या वर गेला की माझं हँडल डावीकडे ओढतं. ती गाडी बाजूला घेते, हात पुसते आणि म्हणते, "माहाच हात बसला नाही अजून." मग पुन्हा सराव करते. पुढचा महिना जूनचा. सामानाच्या पेट्या तिनं आत्ताच बसवून घेतल्या आहेत.

मित्रांनो, गाडी धुवा, तेलपाणी करा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी म्हणते, विकायची तर खुशाल विका, पण तिचं दुखणं लपवू नका. आणि रामदासपेठेत दामिनी भेटली तर तिला एवढं सांगा, ताई, तुमचा हात पक्का आहे. निघण्याआधी टाकी काढून पाहा.