टेकडीवरच्या पाच बायका

नगरपालिकेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर टेकडीचा नवा नकाशा लावला होता, ड्रोनने काढलेले नऊशे फोटो जोडून केलेला. दरड कुठे कोसळेल ते कळावं म्हणून हा सगळा खटाटोप. पण दरडीकडे बघतंय कोण! नकाशात पाच ठिकाणी एकच बाई उभी होती. अंगात हिरवं, हातात भांडं, कमरेखाली नुसतं गवत. आणि पाय नसलेल्या त्या बाईच्या पाया पडायला अख्खं गाव लोटलं होतं.

"हातात अमृतकलश!" मौनीबाबा गरजले. नाव मौनीबाबा, पण तीन दिवस या माणसाच्या तोंडाला उसंत नव्हती. "शेजारी पांढरी फुली, ती देवांची मोहोर! आणि त्या दुसऱ्या चित्रात, जिथे टेकडीचे चढउतार दिसतात, तिथे झाडाला उंची आहे, दगडाला आहे, हिला नाही. देहाला उंची असते, आत्म्याला कुठली?"

"माझीच ती," घड्याळवाले काका पुटपुटले. त्यांची बायको वर्षापूर्वी गेली, अंगावर हिरवी शाल असतानाच. ती नवव्या दिवशी खाली उतरेल, असं बाबांचं वचन होतं. तोवर अन्न नाही, गोळ्या नाहीत. गोळ्या हृदयाच्या होत्या. आज तिसरा दिवस, आणि काकांना भिंत धरल्याशिवाय उभं राहवत नव्हतं.

दाराशी नकाशावाली उभी होती. ते नऊशे फोटो तिनेच जोडले होते. दोन वर्षं ती या गावात एकटी राहत होती. दिवसभर बंद खोलीत संगणकासमोर बसायचं, संध्याकाळी तिथलं कुलूप लावायचं आणि घरचं काढायचं. गावातलं प्रत्येक छप्पर तिला पाठ होतं, छपराखालचं माणूस एकही नाही.

त्या पाच बायका कोण, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण सांगायचं तर आपली चूक कबूल करावी लागणार, म्हणून ती मूग गिळून बसली होती. शिवाय काकांच्या तोंडावरचा आनंद हिरावून घ्यायला तिचं मन धजत नव्हतं. रिकाम्या घरात परत जाणं म्हणजे काय, ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

तेवढ्यात काका मटकन खाली बसले.

"थांबा, अमृतकलश आणते," म्हणत ती बाहेर पडली. परतली तेव्हा अंगात हिरवं जाकीट होतं आणि हातात चुन्याची बादली. बादली तिने टेबलावर दणकन आपटली. "हा घ्या कलश. आणि ती बाई मी."



"नकाशा नेमका जागेवर बसावा म्हणून जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारतो. ड्रोन वर असताना खाली कुणी फिरायचं नसतं. पण पाच फुल्या पुसट दिसल्या, जोडीला माणूस नव्हतं, म्हणून मी एकटीच धावत गिरवत सुटले. चूक माझी." तिने पडद्यावर मूळ फोटो उघडले. जाकीट, बादली, चिखलाचे बूट, दोन्ही पाय शाबूत. "एकेक जागा आठ-दहा फोटोंत येते. एकात मी आहे, पुढच्यात तिथे नुसतं गवत. संगणक दोन्ही जुळवतो, तेव्हा वर मी उरते आणि खाली गवत. उंची काढायला तीच वस्तू त्याच जागी बऱ्याच फोटोंत सापडावी लागते. दगड सापडतो. मी हलत होते, म्हणून मोजणीत आलेच नाही."

"आत्म्याने तुझा देह धारण केला असेल!" बाबा म्हणाले.

"मग राहिलेले सहा दिवस काकांऐवजी तुम्ही उपाशी बसा."

हशा पिकला. त्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा मौन पाळलं.

काका मात्र हसले नाहीत. "म्हणजे... ती नाही?"

"नाही, काका. ती आता कुठेच नाही." तिने काकांच्या खिशातली गोळ्यांची डबी काढून पुढे धरली. "गोळी घ्या ना."

काकांनी गोळी घेतली. मग त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "तू कुठे राहतेस गं?"

"तुमच्या दुकानाच्या वरच. दोन वर्षं झाली."

मंडळी, नसलेली बाई तुम्हाला पाच ठिकाणी दिसली, आणि असलेली रोज जिना चढताना एकालाही दिसली नाही. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर पाया पडण्याआधी मूळ फोटो मागा. आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं, तेही एकदा जाऊन बघा.